मधमाश्यांची पेटी ठेवण्याआधी जमीन का पाहावी?

नमस्कार. माझ्या एका हातात खोल काळ्या जमिनीतील करडईचे झाड आहे, आणि दुसऱ्या हातात त्याच वाणाचे, त्याच आठवड्यात पेरलेले, परंतु बालाघाट डोंगराच्या उतारावरील मुरमाड जमिनीतले. पहिले माझ्या कमरेला लागते. त्याचे शेंड्यावरचे बोंड नारिंगी होऊन सुकत आले असले तरी खालच्या फांद्यांवरची बोंडे अजून उमलायची आहेत. दुसरे गुडघ्याएवढेच आहे, त्याला मोजून सहा बोंडे लागली, ती जवळपास एकदमच उमलली आणि आता एकदमच काळवंडू लागली आहेत.

दोन्ही शेते रस्त्यावरून सारखीच पिवळी दिसत होती. काही वर्षांपूर्वी अशाच पिवळ्या रंगाला भुलून मी माळावरच्या शेतात पेट्या उतरवल्या होत्या, आणि दहाव्या दिवशी मधकोठी, म्हणजे पेटीतला मध साठण्याचा वरचा कप्पा, उघडून पाहिली तेव्हा चौकटी आणून ठेवल्या तशाच हलक्या होत्या. दोष माश्यांचा नव्हता आणि करडईचाही नव्हता. मी पीक पाहिले, त्याच्याखाली जमीन किती आहे ते पाहिले नाही.

मकरंद म्हणजे मुळात साखर आणि पाणी. पाने उन्हात साखर तयार करतात, ती झाडाच्या रसवाहिन्यांतून फुलाच्या तळाशी असलेल्या मकरंद ग्रंथींपर्यंत जाते आणि तिथे पाझरते. पाण्याची ओढ बसली की झाड पानांवरची छिद्रे मिटून घेते, त्यामुळे साखर कमी बनते, आणि जे थोडे बनते ते जगण्यासाठी व दाणे भरण्यासाठी आधी खर्ची पडते. फुलात थेंब उरलाच तर तो लहान असतो. म्हणून फूल दिसणे आणि फुलात मकरंद असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मराठवाड्यात रब्बीचे पीक बव्हंशी जमिनीत साठलेल्या ओलीवर येते. एक मीटर खोल काळ्या जमिनीत पिकाला घेता येईल असे साधारण 150 ते 200 मिलिमीटर पाणी मावते, म्हणजे जवळपास वीतभर पाणी मातीत उभे आहे असे समजा. माळावर मात्र हात-दीड हातावर मुरूम लागतो, आणि तिथली ओल करडई ऐन फुलात असतानाच संपते. करडईचे सोटमूळ मीटरभराहून खोल जाते, पण जायला माती तर हवी. भारी जमिनीलाही तिचे दुखणे आहेच: पावसाळ्यात पाणी तुंबले की मुळांना हवा मिळत नाही, तूर पिवळी पडते आणि पुढे तिचा फुलोराही विरळ येतो.

मोसंबीचे गणित याच्या उलट आहे, आणि जालन्याकडच्या बागायतदारांना ते मी सांगायला नको. आंबे बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, पाणी तोडून बागेला ताण द्यावा लागतो. हलक्या जमिनीत हा ताण महिनाभराच्या आसपास बसतो. भारी जमीन धरलेली ओल सहजासहजी सोडत नाही, त्यामुळे तिथे दीड-दोन महिने लागतात आणि तरीही ताण अर्धवट राहिला तर फूल एकदम न येता मागे-पुढे निघत राहते. माश्यांना मात्र भरभरून फुललेली बाग हवी असते. म्हणून मोसंबीसाठी मी मध्यम, निचऱ्याची जमीन निवडतो, आणि करडईसाठी शक्य तितकी खोल.

आता हा पांढरा खडा पाहा. [खड्यावर लिंबू पिळतो, फेस येतो.] ही आपली चुनखड. जमिनीत चुना जास्त आणि सामू (पीएच) आठच्या पुढे असेल, तर स्फुरद (फॉस्फरस), लोह, जस्त आणि बोरॉन जमिनीत असूनही पिकाला पुरेसे मिळत नाहीत. यांपैकी बोरॉनचा संबंध थेट फुलाशी आहे, कारण परागकण रुजणे आणि परागनलिका वाढणे या दोन्हींसाठी ते लागते. सूर्यफुलाच्या फुलातला मधला भाग पोकळ राहतो, त्यामागे अनेकदा बोरॉनची कमतरता असते. कडेच्या पिवळ्या पाकळ्या उघडताना 0.2 टक्के बोरॅक्सची, म्हणजे लिटरला 2 ग्रॅमची, फवारणी यासाठीच सुचवली जाते. ती संध्याकाळी, माश्या पेटीत परतल्यावर करा, आणि प्रमाण मनाने वाढवू नका, कारण बोरॉन जरासे जास्त झाले तरी पाने करपतात.

युरियाबद्दल एवढेच सांगतो की, नत्राचा अतिरेक झाला की झाड पानांनी माजते आणि फुलोरा लांबतो. पालाश (पोटॅश) मात्र साखरेच्या वहनासाठी लागतो, म्हणून माती परीक्षणाच्या अहवालात सामू आणि सेंद्रिय कर्बाबरोबर त्याचा आकडाही वाचावा.

पेट्या हलवण्याआधी माझी पद्धत साधी आहे. शेतमालकाला विचारून धुऱ्याजवळ टिकावाने हातभर खड्डा घेतो आणि तळाची माती मुठीत दाबतो. गोळा झाला आणि बोटांचे ठसे त्यावर उमटून राहिले, तर त्याच दिवशी पेट्या येतात. मुठीतून खडे आणि भुकटी गळाली, तर शेत कितीही पिवळे असो, मी टेम्पो पुढच्या गावाकडे वळवतो.