शॉकअप बाहेरून चकाचक, आत गंज

(टेबलावर सायकलचा सुटा केलेला पुढचा चिमटा. शेजारी स्टीलची वाटी.)

नमस्कार राजेहो. आधी या वाटीत काय आहे ते पाहा, कॅमेरा जवळ घेतो. तर्री नाही आणि चहाही नाही. दहा मिनिटांपूर्वी या शॉकअपच्या, म्हणजे दणके झेलणाऱ्या या पुढच्या चिमट्याच्या, उजव्या पायातून हे पाणी निघालं. लालसर, तळाशी गाळ बसलेलं. सायकल माझ्या भाच्याची, दोन पावसाळे चाललेली. डोंगर तिने पाहिलेला नाही. नागपुरातच, त्रिमूर्तीनगर ते अंबाझरी, आणि रविवारी फार झालं तर फुटाळा. भाचा म्हणाला, "मामा, पुढून टक-टक आवाज येऊन राह्यला, जरा ग्रीस मारून द्या." बाहेरून शॉकअप असा चकचकीत, की लग्नाच्या वरातीत न्यावा.

शॉकअप तुटतो तो उड्या मारणाऱ्यांचा, आपण तर रस्त्यावर चालवतो, असं कित्येक लोक मला सांगतात. उड्या मारणारे निदान उघडून तरी बघतात हो. रस्त्यावर चालवणारा कधीच बघत नाही.

हा कसा बनलाय ते नीट दाखवतो, कारण सगळी मेख इथेच आहे. वर या दोन चकचकीत नळ्या. खाली हे दोन जाड पाय, मधल्या कमानीने जोडलेले. चाक पायांना लागलेलं असतं. नळ्या पायांच्या आत सरकतात, हवा भरायच्या पंपाच्या दांड्यासारख्या. मग नळी पायातून निसटून बाहेर काहून येत नाही? चिमटा उलटा करतो. प्रत्येक पायाच्या तळाला हा बोल्ट दिसतो ना? हा आत एका दांड्यात बसतो. नळी आणि पाय एकमेकांना सोडत नाहीत ते फक्त या बोल्टच्या आणि त्या दांड्याच्या जिवावर. बाकी सगळं नुसतं सरकणारं आहे.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत नाहीच. भाच्याच्या शॉकअपमधला दांडा गंजून इथे निम्मा झालाय. बोटाने खपली निघतेय. समजा तो तुटला, अगदी दोन्ही पायांतले तुटले, तरी सायकल चालत राहते! कारण चाक जमिनीवर असेपर्यंत तुमचंच वजन नळीला पायात दाबून धरतं. तुम्हाला कळतही नाही. मग एखाद्या गतिरोधकावरून वेगात जाता, पुढचं चाक क्षणभर उचललं जातं, आणि पाय चाकासकट खाली घसरतात. तुमच्या हातात उरतं हँडल आणि दोन नळ्या. म्हणून लोक सांगतात, "अचानक तुटला". अचानक काही नाही, महिनोन् महिने कुजत होता.

जपानमध्ये 2008 साली असाच अपघात झाला. शॉकअपच्या आत पाणी गेलं, गंज चढला, आतला भाग तुटला आणि चालत्या सायकलचं पुढचं चाक निखळलं. चालवणाऱ्याला कायमचं अपंगत्व आलं. 2013 मध्ये टोकियोच्या न्यायालयाने ती सायकल आयात करणाऱ्या कंपनीला भरपाई द्यायला लावली. ती सायकलही डोंगरातली नव्हती, शहरात चालवायचीच होती.

पाणी आत जातं कुठून? नळी जिथे पायात शिरते तिथे हे काळं रबर आहे, धुळीचं सील. त्याचा ओठ नळीला घट्ट चिकटून असायला पाहिजे. आता आपलं नागपूर. बाल्कनीत उभी सायकल, मे महिन्यात पारा 45 च्या पुढे, रबर उन्हात कडक होऊन भेगाळतं. त्यावर मुरमाची धूळ. मग जून-जुलैचा पाऊस. आणि वरून आपण हौसेने गाडी धुवायच्या सेंटरवर नेऊन प्रेशरच्या नळीने सायकल मारून घेतो, नेमकी त्या सीलवर धार धरून. पाणी आत जातं, बाहेर येत नाही. सायकल बादली आणि फडक्यानेच धुवा. आणि त्या सीलवर गंज काढायचा स्प्रे मारू नका. आवाज दोन दिवस बंद होतो, पण आतलं ग्रीस पातळ होऊन वाहून जातं. तिसऱ्या दिवशी दुप्पट आवाज.

(सायकलजवळ जातो.)

घरच्या घरी काय बघायचं? सायकल पुढून उचला आणि चाक खाली ओढा. टक् असा आवाज आला, किंवा नळी आधीपेक्षा जास्त बाहेर दिसली, तर तिथेच थांबा. खाली वाकून दोन्ही बोल्ट जागेवर आहेत का ते पाहा. मी एक सायकल अशी पाहिली जिच्या एका पायाला बोल्टच नव्हता, नुसतं चिखलाने बुजलेलं भोक. मालकाला पत्ता नाही.

मग पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा. दुसरा हात आधी हँडलखाली, कप-कोन म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग असतं तिथे, आणि मग नळी-पायाच्या जोडावर. खटका कुठे लागतो ते बोटांना कळतं. कप-कोन ढिले असतील तर दुकानात थोड्या वेळाचं काम. पण नळीच पायात डुगडुगत असेल तर आतले बुश, म्हणजे नळीला आधार देणाऱ्या कड्या, गेले, आणि साध्या शॉकअपला ते बदलण्यात अर्थ नाही. गोंधळ होत असेल तर हँडल काटकोनात वळवून परत हलवा. खटका तरीही येत असेल तर बहुतेक कप-कोनच.

नळ्या पुसून नखाने चाचपा. नख अडकेल असा ओरखडा सील कापतो. आणि वरच्या जोडात, जिथे नळ्या आणि हँडलचा दांडा एकत्र येतात, तिथे बारीक रेघ दिसली तर ती रंगाची भेग समजू नका. ब्रेक लावून उभ्याने जोर दिल्यावर तिथून करकर येत असेल तरीही सायकल चालवणं बंद. वाकलेला चिमटा गरम करून सरळ करणारे लोक आहेत. नको. चांगल्या शॉकअपचे पाय सहसा मॅग्नेशियमचे असतात, वेल्डिंगचा तर विषयच काढू नका.

हवेचा शॉकअप, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवा भरलेला, असणाऱ्यांसाठी थोडं. हवा तापमानाने बदलते. मेच्या दुपारी 40 अंशाला 80 पीएसआय भरलेला शॉकअप डिसेंबरच्या पहाटे 10 अंशाला साधारण 71 दाखवेल. गळतीच असेल असं नाही, तरी परत भरून घ्या. पण उघडायचा असेल तर आधी सगळी हवा सोडा. दाबाखाली वरचं झाकण उघडलं तर ते तोंडावर येतं. आणि तेल डिस्कवर सांडू देऊ नका, नाहीतर शॉकअप नीट आणि ब्रेक गायब. काही चांगल्या कंपन्या दर 50 तासांनी पायांची सर्व्हिस सांगतात. रोज तासभर चालवणाऱ्याचे 50 तास दोन महिन्यांत भरतात. स्प्रिंगवाल्या साध्याला मी पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा उघडतो. बोल्ट लावताना कंपनीचा आकडा पाहून टॉर्क रिंच, म्हणजे ठरलेल्या जोराने पिळायचा पाना, वापरा. "अजून एक पीळ" देणारे मेकॅनिक बरेच भेटतात, आटे मोडणारेही तेच.

हो, एक राहिलं. सायकल खोक्यात घरी येते आणि आपण हँडल बसवतो. आमच्या कॉलनीत एक सायकल तीन महिने उलट्या चिमट्याने फिरत होती. काका म्हणायचे, "वळताना चाक माझ्या पायाला लागते बाप्पा." चिमट्याची कमान पायांच्या पुढच्या बाजूला असते, डिस्कचा ब्रेक चाकाच्या डाव्या बाजूला. मॅनिटू कंपनीच्या शॉकअपची कमान मात्र मुद्दाम मागे असते, ती बघून फिरवायला जाऊ नका.

भाच्याला मी विचारलं, "सिमेंटच्या रोडवर तुला शॉकअप पाहिजे कशाला?" स्वस्तातला हा अडीच किलोच्या आसपास भरतो, आणि नीट दुरुस्त करायला गेलं तर पैसे जवळपास नव्याइतके. शेवटी साधा सरळ चिमटा लावला. तोंड पाडून बसलाय, पण आज सकाळी फुटाळ्याचा चढ माझ्या पुढे गेला.

हा गंजलेला भंगारात जाईल, पण असाच नाही. भंगारातून तो परत कुणा पोराच्या सायकलला लागतो, मी पाहिलंय.

(हातोडा उचलतो.)

कानावर हात ठेवा जरा.