आवाज ऐकणाऱ्या माणसाशी बोलायचं कसं
(अमळनेर येथील व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, चोपडा, पारोळा, शिरपूरकडून काही कुटुंबं आज मुद्दाम आली आहेत. त्यांच्या घरात असं कुणीतरी आहे, ज्याला आवाज ऐकू येतात, किंवा ज्याची खात्रीच झाली आहे की सगळं गाव आपल्या वाईटावर आहे. डॉक्टर याला सायकोसिस म्हणतात. आपल्याकडे आधी 'बाहेरचं झालं' म्हणतात, भगताकडे नेतात, आणि डॉक्टर बऱ्याच उशिरा येतात. मग गोळ्या सुरू होतात, आवाज मंदावतात, घरच्यांना वाटतं, सुटलो. गोळ्या हव्यातच, आपल्या मनाने बंद करू नका. पण ज्याचा माणसांवरचा भरवसाच उडालाय, त्याला तो गोळीतून परत मिळत नाही. तो माणसाकडूनच मिळतो, आणि त्यासाठी त्याच्याशी बोलावं लागतं.

फार काळ शास्त्रालाच हे मान्य नव्हतं. असा रुग्ण स्वतःत इतका मिटलेला असतो की उपचार करणाऱ्याशी त्याचं नातं जुळत नाही, असं मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड मानत. १९२० च्या दशकात मनोविकारतज्ज्ञ हॅरी स्टॅक सलिव्हन यांनी अमेरिकेत बाल्टिमोरजवळच्या रुग्णालयात तरुण रुग्णांसोबत काम केलं. दिवसभर भोवती वावरणारे कर्मचारी कसे वागतात यालाच त्यांनी उपचार मानलं. पुढे मनोविकारतज्ज्ञ फ्रीडा फ्रॉम-राइशमन मेरीलँडच्या चेस्टनट लॉज या मनोरुग्णालयात अशा रुग्णांसोबत वर्षानुवर्षं बसल्या. मात्र तिथून बाहेर पडलेल्या स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे सायकोसिस होणाऱ्या एका दीर्घ आजाराच्या रुग्णांचा १९८० च्या दशकात आढावा घेतला गेला, तेव्हा बहुतेकांची अवस्था चांगली नव्हती. म्हणून गोळ्या टाकून नुसतं बोलत बसा, असं मी कुणालाही सांगणार नाही.

फिनलंडच्या उत्तर भागात, टोर्निओ इथे, याक्को सेइक्कुला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात एक पद्धत घडवली, 'ओपन डायलॉग'. फोन आल्यापासून २४ तासांच्या आत पहिली बैठक. रुग्ण, घरची माणसं आणि उपचार करणारे एकत्र बसतात. रुग्णाच्या पाठीमागे काहीच ठरत नाही. आपल्याकडे मात्र मुलगा बाहेर बाकावर बसतो आणि भाऊ आत जाऊन त्याच्याबद्दल सांगतो. ज्याला आधीच वाटतंय की लोक आपल्यामागे काहीतरी शिजवतायत, त्याला आपणच पुरावा देतो.

रावेरकडच्या केळीच्या पट्ट्यातला एक तरुण माझ्याकडे उपचारासाठी यायचा. ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून सांगते. वीज रात्रीची, म्हणून मोटर सुरू करायला तो एकटाच विहिरीवर जायचा. झोप तुटलेली. मोटर चालू झाली की त्यातून आवाज यायचा, "तू काही कामना नही," म्हणजे तू काही कामाचा नाहीस. काका म्हणाले, "मोटर कधी बोलते का रे?" तो गप्प झाला तो झालाच. मी त्याला म्हटलं, मला तो आवाज येत नाही, पण तुला येतो आणि तू घाबरतोस, हे मला दिसतंय. अजून काय म्हणतो? हा मधला रस्ता फार अवघड आहे. 'खोटं आहे' म्हटलं की दार बंद. 'खरं आहे' म्हटलं तर आपण त्याला आणखी आत ढकलतो.

काही भेटींनंतर त्याने विचारलं, "तुम्ही वहीत काय लिहिता? काकांना देता का?" संशय आता माझ्यावर आला होता. या उपचाराचं खरं काम इथेच असतं, दोघांमध्ये. मी वही त्याच्याकडे फिरवली. त्याने सावकाश वाचली आणि 'चिडचिडा' हा शब्द खोडायला लावला. मी तो खोडला. त्या दिवशी मी अहिराणीत विचारलं, आवाज कोनासारखा वाटस? बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "काकासारखा."

बाग रोगाने गेली त्या वर्षी काका तसं बोलून गेले होते. म्हणून काकांनी आजार दिला, असं कृपा करून कुणी समजू नका. आजार एका वाक्याने होत नाही. पण आवाजाला शब्द बहुधा आपल्याच माणसांकडून मिळतात. मानववंशशास्त्रज्ञ टॅनिया लुर्मन यांनी अमेरिकेतलं कॅलिफोर्निया, आफ्रिकेत घानाची राजधानी आक्रा आणि चेन्नई इथल्या प्रत्येकी २० जणांशी बोलून पाहिलं. चेन्नईत अनेकांना नातेवाइकांचेच आवाज येत. ते रागावत, तसंच घरकामाची आठवणही करून देत. अमेरिकेत आवाज अनोळखी आणि हिंसक असण्याचं प्रमाण जास्त होतं.

ब्रिटनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राऊन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्या घरात टोमणे, राग, किंवा जीव गुदमरवणारी काळजी जास्त, तिथे आजार पुन्हा उलटण्याचं प्रमाणही जास्त. ही तिसरी गोष्ट आयांनी ऐकावी. "जेवलास का, गोळी घेतलीस का, कुठे चाललास" हे दिवसभर चालू असेल तर तोही ताणच. काकांना मी एवढंच सांगितलं की त्याला कामावरून बोलू नका, रात्री मोटरीला सोबत जा. तो आवाज आजही अधूनमधून येतो. आला की तो तरुण येऊन आम्हाला सांगतो.

आपल्या धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीच्या स्किझोफ्रेनियाचा अनुभव घेऊन त्यांनी पुण्यात अशा कुटुंबांसाठी संस्था उभी केली. तालुक्याच्या गावी चार घरं महिन्यातून एकदा एकत्र बसली, तरी मोठा आधार होईल. जागा आणि चहा मी पाहते, नावं आज जाताना माझ्याकडे द्या. कुणाशी बोलावं हेच कळत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी फोन आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. मात्र आवाज जिवाचं बरंवाईट करायला सांगत असेल, तर बैठकीची वाट पाहू नका. माणसाला एकटं सोडू नका आणि थेट जिल्हा रुग्णालय गाठा.