टिळा लावलेलं पाखरू

(हिप्परगा तलाव, पहाट. निवेदनाआधी थोडा वेळ फक्त पाण्याचा आवाज.)

डिसेंबरातली सकाळ, साडेसहा वाजलेत. तुळजापूर रस्त्यावरच्या या तलावाला सोलापूरकर हिप्परगा म्हणतात. कागदोपत्री नाव एकरुख. आदिला नदी अडवून शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव १८७१ साली पुरा झाला. पाखरांना आवतण कुणी दिलं नव्हतं, ती आपणहून आली.

(जवळून: वारकरी.)

हा बघा. अंग काळंभोर, कपाळावर पांढराशुभ्र टिळा. म्हणून मराठीत याचं नाव वारकरी. पंढरपूर ज्या जिल्ह्यात, तिथं याला दुसरं नाव शोभलंच नसतं. पायाच्या बोटांना कडेनं पाकळ्यांसारखे पडदे असतात, पोहायला त्यांचा उपयोग. पण उडायचं म्हटलं की जागच्या जागी जमत नाही. पाण्यावर पावलं आपटत लांबवर पळायचं, मग कुठं अंग वर उचलतं. ऐका तो फडफडाट.

तलाव तुडुंब भरला की आपण खूश होतो. शेकाट्या पाखराचं तसं नसतं. त्याच्या काटकुळ्या लाल पायांना उथळ पाणी आणि चिखल लागतो. पाणी हळूहळू मागं सरकतं तेव्हा त्याचं ताट वाढलं जातं.

पलीकडच्या काठावर पट्टकादंब, हंसाच्या जातीची पाखरं, विसावलीत. डोक्यामागं दोन काळ्या पट्ट्या, हीच ओळख. यांची घरटी तिबेट-मंगोलियाकडं. हिमालय ओलांडून येतात, दिवसा पाण्याकाठी बसतात, रात्री शेतात चरतात. दुर्बिणीतून ती मान पंखात खुपसून झोपलेली दिसली, की आपण आपोआप हळू बोलायला लागतो.

(दुपार. सिद्धेश्वर वनविहार, विजापूर रस्ता.)

उन्हात पाखरं गप्प असतात. ढोलीच्या तोंडाशी पिंगळ्याची जोडी, फांदीवर कोतवाल, बस्स. पण झाडाखाली शाळकरी पोरं वहीत नावं लिहीत बसलीत, ते पाहून बरं वाटलं. पाखरांवर, रानावर लिहिणारे मारुती चितमपल्ली याच सोलापुरात जन्मले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, पक्षीतज्ज्ञ सलीम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात.

(संध्याकाळ. ज्वारीचं शेत.)

कणसं हुरड्यात आलीत, आणि भोरड्याही. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. मध्य आशियाकडून आलेल्या. मचाणावरचे काका गोफण फिरवत म्हणाले, "दिसायला लई ग्वाड हायती. पन सकाळच्याला येऊन कणसं बगा, पाव्हणं." त्यांचं खोटं नाही. भोरडी टोळ आणि अळ्याही फस्त करते, हेही खरं. पण ज्याची वर्षाची भाकरी त्या कणसात आहे, त्याला हे सांगताना माझा आवाज खाली येतो. काकांनी हुरडा भाजला, हातावर चोळून दिला.

तेवढ्यात थवा उठला. आभाळात एकदा गोळा झाला, एकदा चादरीसारखा पसरला, आणि तलावाकाठच्या बाभळींवर उतरला. फांद्या वाकल्या. कलकलाट इतका, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. मग अंधार दाटला तसा एकेक फांदी गप्प होत गेली.