बेड मोजताना काय सुटलं

मंडळी, 2020च्या जून महिन्यात मुंबईत एक वाद पेटला होता. आज तो फारसा कुणाला आठवत नाही. पण कोविडच्या साथीच्या काळात आपण जे जे भांडलो त्याची मेख मला त्या वादात दिसते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. महापालिकेनं प्रयोगशाळांना सांगितलं, की पॉझिटिव्ह अहवाल परस्पर रुग्णाच्या हातात देऊ नका, आधी आमच्याकडे पाठवा. ओरड झाली, आणि ती रास्तच होती. स्वॅब माझा, पैसे माझे, आणि निकाल मला सगळ्यांत शेवटी कळणार? आकडे दडवायचा डाव आहे, अशी शंका लोकांनी उघड बोलून दाखवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं आणि अहवाल रुग्णाला किंवा नातेवाइकांना द्या, असं न्यायालयानं बजावलं.

आता पालिकेची बाजू ऐका. तेव्हा संध्याकाळी मोबाईलवर अहवाल आला की घरात धावपळ सुरू व्हायची. ओळखीचा डॉक्टर, नगरसेवक, आमदाराचा पीए, सगळ्यांना फोन जायचे. ज्याला साधी कणकणही नाही असा माणूस रात्रीत खासगी रुग्णालयाच्या खोलीत दाखल व्हायचा. आणि ज्याच्या बोटावरचा ऑक्सिमीटर 85 दाखवतोय, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन धोकादायकरीत्या उतरलाय, ज्याची कुठेच ओळख नाही, तो पालिकेच्या 1916 या हेल्पलाइनवर फोन लावत बसायचा. रुग्णालयांवरचा ताण निव्वळ विषाणूनं आणलेला नव्हता. त्यात भीतीचा आणि वशिल्याचा वाटा होता, आणि तो लहान नव्हता.

यावर निघालेला तोडगा आपल्या टीव्हीवरच्या चर्चांमधून निघाला नाही, हेही सांगून टाकतो. मुंबईच्या 24 वॉर्डांत एकेक वॉर रूम उभी राहिली. पॉझिटिव्ह नावांची यादी वॉर्डनिहाय वाटली जायची आणि वॉर रूममधला डॉक्टर घरी फोन करायचा. वय काय, धाप लागते का, शुगर आहे का, घरात वेगळी खोली आहे का. मग ठरायचं, की हा माणूस घरीच राहील, कोविड केअर सेंटरला जाईल की रुग्णालयात. अहवाल रुग्णाचा आहे, यात वाद नाही. पण बेड कुणाला, हे मात्र रुग्णानं किंवा त्याच्या आमदारानं ठरवायचं नसतं. एकमेकांविरुद्ध उभ्या केलेल्या या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आपण महिनाभर त्यातली एकच खरी मानून भांडत राहिलो.

त्याच्या थोडं आधी, मे महिन्यात, राज्य सरकारनं खासगी रुग्णालयांतल्या 80 टक्के खाटांवर नियंत्रण आणलं आणि दरही बांधून दिले. साध्या वॉर्डात दिवसाला 4,000 रुपये, आयसीयूत 7,500, व्हेंटिलेटरसह 9,000. निर्णय धाडसाचा होता, आजही मी तो योग्यच मानतो. पण त्यानंतर सगळी चर्चा एका आकड्यावर येऊन बसली. आज किती बेड रिकामे? रिकाम्या खाटा दाखवणाऱ्या ऑनलाइन फलकावर, म्हणजे डॅशबोर्डवर, हिरवा आकडा दिसला की सत्ताधारी खूश, लाल दिसला की विरोधक.

बेड म्हणजे लोखंडी पलंग नव्हे, हे इथे बसलेल्या कुणालाही सांगायची गरज नाही. पण हिशेब सांगायची गरज आहे, कारण तो तेव्हा फार थोड्यांनी सांगितला. मिनिटाला 10 लिटर ऑक्सिजन लागणारा रुग्ण दिवसाला 14,400 लिटर घेतो. वॉर्डात मावशी आणि वॉर्डबॉय ढकलत आणतात तो जम्बो सिलेंडर, त्यात साधारण 7,000 लिटर मावतात. म्हणजे एका रुग्णाला रोज दोन सिलेंडर. हाय फ्लो मशीनवर मिनिटाला 60 लिटर लावले, तर त्याच एका रुग्णाला दिवसाला बारा. एका टन द्रवरूप ऑक्सिजनवर 10 लिटरवाले साधारण पन्नास रुग्ण एक दिवस तगतात. शंभर ऑक्सिजन बेडचं उद्घाटन झाल्याची बातमी वाचली, की पुढचा प्रश्न असायला हवा होता, की रोजचे दोन टन कुठून येणार, कुठल्या टँकरनं येणार, आणि टँकर घाटात अडकला तर?

आणि सिस्टर? व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे प्रत्येक पाळीला एक, हा निकष. पाळ्या, सुट्ट्या, आजारपणं धरली तर एका बेडमागे चार-पाच जणी लागतात. पीपीई किट घालून सहा तासांच्या वर कुणी उभं राहू शकत नाही, त्यात पाणी नाही, लघवीला जाणं नाही. तात्पुरत्या रुग्णालयाचा डोम उभा करायला तीन आठवडे पुरतात. आयसीयूतली सिस्टर तयार व्हायला वर्षं लागतात.

इथेच त्या काळच्या चर्चेतली मोठी चूक दिसते. एक गट म्हणायचा, रुग्णालयं भरतील म्हणून सगळं बंद ठेवा. दुसरा म्हणायचा, संसर्ग व्हायचाच आहे, होऊ द्या, बेड वाढवा. जणू संसर्ग बाहेर रस्त्यावर असतो आणि रुग्णालय त्याच्या पलीकडे असतं! एप्रिल 2020मध्ये मुंबई सेंट्रलचं एक मोठं खासगी रुग्णालय सील करावं लागलं, कारण तिथल्या परिचारिका आणि डॉक्टरच डझनांनी बाधित झाले होते. परिचारिका बऱ्याचशा केरळच्या, दाटीवाटीनं एकत्र राहणाऱ्या. एका दिवसात शहरातले तेवढे बेड गेले, आणि ते रुग्ण वाढल्यामुळे गेले नाहीत. संसर्ग वाढला की बेडची मागणी वाढते, आणि त्याच वेळी बेड चालवणारी माणसं कमी होतात. दोन्ही बाजूंनी कात्री लागते. ‘बेड वाढवा’ म्हणणाऱ्यांच्या हिशेबात ही दुसरी बाजू नसायची. आणि ‘बंद ठेवा’ म्हणणाऱ्यांच्या हिशेबात डायलिसिसचे रुग्ण नसायचे. कोविडचा अहवाल नाही म्हणून दारोदार फिरवलेल्या बाळंतिणी तर नसायच्याच.

संसर्ग नेमका कसा होतो, याबद्दलही आपण चुकीच्या जागी जोर लावला. जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च 2020च्या अखेरीस ठामपणे जाहीर केलं होतं, की हा विषाणू हवेतून पसरत नाही. जुलैमध्ये 239 शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून विरोध केला तेव्हा कुठे भाषा बदलू लागली. तोवर आपण भाज्या साबणानं धुतल्या, नोटांना इस्त्री केली, माणसांवर सोडियम हायपोक्लोराइट हे जंतुनाशक फवारलं. शेवटी केंद्राच्या आरोग्य खात्याला सांगावं लागलं, की बाबांनो, माणसांवर फवारू नका. खिडक्या उघडा, हे वाक्य मात्र त्या मानानं फार उशिरा ऐकू आलं. वॉर्डातल्या खिडक्यांबद्दल एकही टीव्ही चर्चा झालेली मला आठवत नाही, तुम्हाला आठवत असेल तर सांगा.

थोडं मागे जातो. 1896च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग आला आणि मूळ गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या 29 तारखेला हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर चालून गेले. कारण वस्तीत समज होता, की तिथे नेलेला माणूस परत येत नाही. हा समज निव्वळ अडाणीपणा नव्हता. माणसं फार उशिरा, जबरदस्तीनं नेली जात होती आणि खरोखरच मरत होती. हेच रुग्णालय आज कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखलं जातं, आणि मार्च 2020मध्ये मुंबईचे पहिले कोविड रुग्ण तिथेच दाखल झाले. 1896मध्ये लोक रुग्णालयापासून पळत होते आणि 2020मध्ये रुग्णालयाकडे. एवढा मोठा फरक पडला, पण 2020मध्येही अधिकाऱ्यांच्या हाती होता तो त्या प्लेगमुळेच काही महिन्यांनी आलेला 1897चा साथरोग कायदा. त्यात सरकारला अधिकार भरपूर आहेत. तुमच्या तालुक्यात किती ऑक्सिजन असावा, याबद्दल त्यात एक ओळ नाही.

जुलै 2020मध्ये मुंबईतल्या तीन वॉर्डांत रक्तचाचण्यांची पाहणी झाली. झोपडपट्टीत 57 टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं (अँटीबॉडीज), म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण, सापडली, इमारतींमध्ये 16 टक्के. वर्तमानपत्रांत पत्रं लिहिणारे, चर्चेत बोलणारे बहुतेक त्या 16 टक्केवाल्या मुंबईतले होते. मीही त्यांच्यातलाच.

मग आला जानेवारी 2021. आकडे उतरले आणि वादच थांबला. पुण्यातलं कोविडसाठी उभारलेलं तात्पुरतं जम्बो रुग्णालय बंद केलं गेलं, आणि मार्चमध्ये घाईघाईनं पुन्हा उघडावं लागलं. 18 एप्रिलला राज्यात एका दिवसात 68,631 नवे रुग्ण नोंदले गेले. त्याच्या एक-दोन दिवस आधी एका रात्री मुंबईत ऑक्सिजन संपत आला म्हणून सहा रुग्णालयांतून 168 रुग्ण दुसरीकडे हलवले. त्यावर टीका झाली. मला मात्र ते यंत्रणा चालत असल्याचं लक्षण वाटतं. कारण कुठे किती तास पुरेल आणि कुठे जागा आहे, हे त्या रात्री कुणाला तरी ठाऊक होतं. 21 एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीची गळती झाली, दाब पडला आणि काही वेळात 22 माणसं गेली. त्या रुग्णालयातले बेड डॅशबोर्डवर ऑक्सिजन बेड म्हणूनच दिसत होते.

मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं मुंबईचं कौतुक केलं आणि जो तो ‘मुंबई मॉडेल’ म्हणू लागला. कौतुक योग्य होतं, पण मॉडेल म्हणणं मला पटत नाही. वॉर रूम कुठेही उघडता येते. तिच्या फोनपलीकडे 1921चं नायर आणि 1926चं केईएम ही पालिकेची मोठी रुग्णालयं आहेत, शेकडो निवासी डॉक्टर आहेत, पालिकेचं भलंमोठं बजेट आहे. हे गडचिरोलीत कुठून आणणार? म्हणून मला नंदुरबारचं उदाहरण जास्त शिकण्यासारखं वाटतं. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड स्वतः वैद्यकीय पदवीधर. पहिली लाट ओसरत असताना, ‘कोरोना संपला’ असं सगळीकडे म्हटलं जात असताना, त्यांनी त्या आदिवासी जिल्ह्यात हवेतून ऑक्सिजन तयार करणारे प्रकल्प बसवायला घेतले. टँकर लांबून येणार, रस्ते असे, आपला नंबर शेवटी लागणार, हा साधा हिशेब त्यामागे होता. त्या महिन्यांत त्यावर ना कुणी टीका केली ना कुणी कौतुक. तेव्हा आपण लोकल सगळ्यांसाठी कधी सुरू होणार, यावर भांडत होतो.