ओहोटीची वाट पाहणारी गावं

(दृश्य : हिवाळ्यातली पहाट. धुक्यात बुडालेली सपाट शेतं. मधोमध एकच टेकडी आणि तिच्या माथ्यावर छप्पर नसलेलं चर्च.)

इंग्लंडच्या नैऋत्येला सॉमरसेट नावाची काउंटी आहे. तिच्या पोटात सुमारे ६५० चौरस किलोमीटरचा एक सखल, पाणथळ मुलूख पसरला आहे. त्याला म्हणतात सॉमरसेट लेव्हल्स. समोर दिसते आहे ती टेकडी म्हणजे बरो मम्प. पॅरेट आणि टोन या दोन नद्या हिच्याच आसपास एकमेकींना मिळतात.

इथल्या गावांची नावं नीट ऐका. मचल्नी, थॉर्नी, अ‍ॅथल्नी. या नावांच्या शेवटी जो सूर लागतो, त्याचा जुन्या इंग्रजीतला अर्थ आहे बेट. मचल्नी म्हणजे मोठं बेट, थॉर्नी म्हणजे काटेरी झुडपांचं बेट. आजूबाजूला समुद्र नाही, आहेत ती गाईंची कुरणं. तरीही पूर्वजांनी गावांना बेटं म्हटलं, कारण हिवाळ्यात ती खरोखरच बेटं व्हायची. पाऊस सुरू झाला की माणसं गुरं घेऊन उंचवट्यावर जायची आणि उन्हाळ्यात खाली उतरायची. सॉमरसेट या नावातही उन्हाळा आहे.

याच भागातल्या दलदलीत १९७० साली लाकडी फळ्यांची एक पायवाट सापडली. तिच्यासाठी इसवी सनापूर्वी ३८०७ च्या हिवाळ्यात झाडं तोडल्याचं खोडांच्या वलयांवरून कळलं. म्हणजे पावणेसहा हजार वर्षांपूर्वीही इथल्या माणसाला हाच प्रश्न पडला होता. पाणी भरलंय, आता पलीकडे जायचं कसं?

(दृश्य : पॅरेट नदी. दोन्ही बाजूंना मातीचे उंच बांध. बांधाच्या पलीकडे, नदीपेक्षा खाली, शेत.)

ही चौकट जरा वेळ बघत राहा. नदी वर आहे आणि शेत खाली.

आपल्या डोळ्याला सवय असते ती उलट्याची. पाणी शेतातून ओढ्याला, ओढ्यातून नदीला आणि नदीतून समुद्राला जातं. इथे तसं होत नाही. समुद्राकडची चिकणमातीची पट्टी थोडी उंच आहे आणि आतली जमीन खोलगट. त्यात ती पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची काळी माती. तिच्यातलं पाणी काढलं की ती आक्रसते आणि आणखी खाली बसते. शेती व्हावी म्हणून माणसाने शतकानुशतकं हा मुलूख कोरडा केला, आणि तितकाच तो खचत गेला.

म्हणून शेतातलं पाणी नदीत उचलून टाकावं लागतं. शेताशेतांमधून खोल चर खणलेले आहेत. इथली माणसं त्यांना ‘रीन’ म्हणतात. रीनमधलं पाणी मोठ्या कालव्यात येतं आणि तिथून पंपाने नदीत चढवतात. या भागातला पहिला यांत्रिक पंप १८३० साली वेस्टनझॉयलंडला बसला, वाफेवर चालणारा. पुढे डिझेल आलं, वीज आली. पंपाचं काम मात्र तेच राहिलं.

आणि नदी? तिच्यापुढे समुद्र उभा आहे. ब्रिस्टॉल चॅनेल या इथल्या खाडीची भरती जगातल्या सगळ्यात मोठ्या भरत्यांमध्ये मोडते. आतल्या टोकाशी भरती-ओहोटीतला फरक १४ मीटरपर्यंत जातो. पॅरेटला उतार जवळजवळ नाहीच. त्यामुळे भरतीचं पाणी नदीत कितीतरी आत शिरतं, आणि तेवढा वेळ डोंगराकडून आलेल्या पाण्याला वाट मिळत नाही. ते थांबतं आणि फुगतं. ओहोटी लागली की निघतं. दिवसातून दोनदा नदीचं दार बंद होतं आणि दोनदा उघडतं.

भरती नुसती येत नाही, गाळ घेऊन येते. उन्हाळ्यात नदीला जोर नसतो, म्हणून तो गाळ काठांना बसत जातो. पात्र अरुंद होत जातं आणि हिवाळ्यात त्याच अरुंद पात्रातून दुप्पट पाणी जायला बघतं.

चिपळूणच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. वरून पाऊस, खालून दाभोळच्या खाडीची भरती, आणि मध्ये गाळाने भरलेली वाशिष्ठी. २२ जुलै २०२१ ला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. त्याच वर्षी डिसेंबरात चिपळूणकर साखळी उपोषणाला बसले, ते नदीतला गाळ काढा, या मागणीसाठी. सॉमरसेटच्या चौकाचौकांत नेमकी हीच मागणी फलकांवर लिहिली गेली होती. ती मागणी ज्या हिवाळ्यातून आली, तो कसा गेला, ते बघू.

(दृश्य : आकाशातून. क्षितिजापर्यंत तपकिरी पाणी. मध्ये झाडांच्या रांगा, विजेचे खांब, एका घराचं छप्पर.)

२०१३ चा डिसेंबर. अटलांटिकवरून एकामागून एक वादळं येऊ लागली. इंग्लंड आणि वेल्सच्या पावसाच्या नोंदी १७६६ पासूनच्या आहेत. त्या सगळ्या नोंदींत इतका ओला हिवाळा दुसरा नाही.

लेव्हल्समधला पूर आपल्या डोक्यातल्या पुरासारखा नसतो. लोंढा येत नाही, आरडाओरडा होत नाही. सकाळी दार उघडावं तर रीन काठोकाठ भरलेली. दुसऱ्या दिवशी कुरण चकाकतं. तिसऱ्या दिवशी फाटकाचा खालचा गज दिसेनासा होतो. टोन नदी भरली की तिचं पाणी ठरलेल्या जागेवरून करी मूर नावाच्या कुरणात सोडतात. मूर म्हणजे इथली सखल गवताळ जमीन. शहर आणि वस्त्या वाचाव्यात म्हणून ही जमीन पाण्याचं कोठार म्हणून राखलेली आहे, आणि शेतकऱ्यांना हे ठाऊक असतं. दर दोन-चार वर्षांनी आपलं कुरण काही दिवस पाण्याखाली जाणार, हे त्यांनी मनाशी धरलेलं असतं. त्याबद्दल ते कुरकुर करत नाहीत. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे जेव्हा त्यांनी आवाज चढवला, तेव्हा पूर आला म्हणून चढवला नव्हता.

त्या हिवाळ्यात करी मूर भरलं, आणि भरून पलीकडे सांडलं. नॉर्थ मूर भरू लागलं. पंपघरात माणसं होती, पंप धड होते. पण पाणी टाकायचं कुठे? नदी आधीच बांधाच्या कडेला टेकलेली. पंप चालू केले तर खालच्या अंगाला बांधावरून पाणी जाणार. मग पंप थांबवायचे आणि नदी उतरायची वाट बघायची. घरातून पाणी दिसतं आहे, पंप समोर आहे, आणि तो बंद ठेवायचा आहे. या वाट बघण्याला किती धीर लागत असेल, याचा मी अनेकदा विचार केला आहे.

जानेवारीच्या सुरुवातीलाच मचल्नीला जाणारे सगळे रस्ते बुडाले. गाव उंचवट्यावर, म्हणून बरीच घरं कोरडी राहिली. पण सुटका नव्हती. हजार-बाराशे वर्षांपूर्वी नाव ठेवणारे जे म्हणाले होते, ते झालं. मचल्नी बेट झालं, आणि आठवड्यांमागून आठवडे बेटच राहिलं.

(दृश्य : बुडालेल्या रस्त्याच्या कडेला दोराने बांधलेली होडी. दोन्ही बाजूंच्या कुंपणांचे नुसते शेंडे.)

मग होडी सुरू झाली. शाळेची मुलं होडीने, कामाला जाणारे होडीने, दूध, पाव, औषधं, टपाल, सगळं होडीने. पलीकडच्या काठाला मोटारी उभ्या करून ठेवायच्या आणि तिथून लँगपोर्टचा रस्ता धरायचा. जिथे होडी खाली टेकायची, तिथे उंच चाकांचे ट्रॅक्टर. ज्याच्याकडे ट्रॅक्टर, तो गावाचा. कुणी मोजून देत नव्हतं, कुणी मागत नव्हतं.

बातम्यांमध्ये होडी दिसली. संडासाची गोष्ट फारशी दिसली नाही. या खेड्यांमध्ये घराघराला मैल्याची टाकी असते. जमिनीत पाणी भरलं की टाकी तुंबते. घरात एक थेंब न शिरताही घर राहण्याजोगं उरत नाही. म्हातारी माणसं, लहान मुलं, कडाक्याची थंडी, आणि संडास बंद. पुराची खरी झळ अशा ठिकाणी बसते. ती कॅमेऱ्यासमोर सांगायला माणूस संकोचतो.

२४ जानेवारीला प्रशासनाने गंभीर आपत्ती जाहीर केली. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मूरलँड आणि फोर्डगेट ही गावं रिकामी करावी लागली, काही घरं तर रातोरात. माणूस पिशवी उचलून निघू शकतो, पण दुभत्या गाईंचं काय करायचं? त्यांना दिवसातून दोनदा पिळावंच लागतं, नाहीतर कास सुजते. कमरेएवढ्या पाण्याच्या कडेकडेने, अंधारात, गाई ट्रकांमध्ये चढवल्या गेल्या. ब्रिजवॉटरजवळच्या गुरांच्या बाजारात त्यांची सोय झाली. बाजार म्हणजे जिथे एरवी गुरं विकायला आणतात. त्या रात्री तिथे ती जगवायला आणली. देशाच्या दूरदूरच्या भागांतून, ओळखदेख नसलेल्या शेतकऱ्यांनी गवताच्या आणि पेंढ्याच्या गाड्या भरून पाठवल्या.

बरोब्रिजमध्ये माणसं वाळूची पोती भरायला जमली. मदतीला खालसा एड या मदतसंस्थेचे शीख तरुण आले. पगडी बांधलेले, गुडघाभर चिखलात, स्थानिक शेतकऱ्यांच्या रांगेत उभे राहून पोती पुढे देणारे. ना त्यांचं शेत तिथे होतं, ना घर. लंगरातून जे शिकले ते घेऊन ते आले होते. मला हे दृश्य त्या सगळ्या हिवाळ्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

४ फेब्रुवारीला युवराज चार्ल्स मचल्नीला आले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आले, कारण रस्ता पाण्याखाली होता. मंत्री आले, बूट घालून पाण्यात उतरले, गेले. दीडशेहून जास्त घरांत पाणी शिरलं होतं. सुमारे १५० चौरस किलोमीटर जमीन आठवडेच्या आठवडे पाण्याखाली होती. बरोब्रिजवरून जाणारा मोठा रस्ता मार्चच्या अखेरीपर्यंत बंद होता.

(दृश्य : पाणी ओसरल्यानंतर. भिंतींवर तपकिरी रेघ. दाराबाहेर गाद्या, कपाटं, गालिचे.)

पाणी दोन दिवस राहिलं तर गवत वाचतं. दोन महिने राहिलं तर मुळासकट कुजतं. पाणी गेल्यावर कुरणात हिरवं काही नव्हतं. काळी, घाण वास मारणारी जमीन होती. मातीतले किडे मेले, म्हणून पक्षीही फिरकले नाहीत. घरांचं गिलाव्यापर्यंत सगळं खरवडून काढावं लागलं, आणि मग महिनोन् महिने यंत्रं लावून भिंती वाळवायच्या. कितीतरी कुटुंबं पुढचा हिवाळा येईपर्यंत भाड्याच्या घरात किंवा अंगणातल्या कॅरॅव्हॅनमध्ये राहिली.

राग होता तो इथे. पाणी आलं याचा नव्हे, ते गेलं नाही याचा. आमच्या आजोबांच्या वेळी नदीतला गाळ काढत होते, तो काढणं थांबलं, आम्ही वर्षानुवर्षं सांगत होतो आणि कुणी ऐकलं नाही, हे इथल्या माणसांचं म्हणणं. नद्या सांभाळणाऱ्या खात्याचं आणि बऱ्याच जलतज्ज्ञांचं म्हणणं वेगळं. एवढ्या पावसापुढे गाळ काढलेलं पात्रही अपुरंच पडलं असतं, आणि भरती दर वेळी नवा गाळ आणणारच.

दोन्ही बाजू ऐकल्यावर मला वाटतं, तज्ज्ञांचं गणित चुकीचं नव्हतं. गाळ काढून तो पूर टळला नसता. पण गावकऱ्यांनी पूर टाळा असं म्हटलंच नव्हतं. त्यांचं म्हणणं होतं, आठ आठवड्यांचं पाणी चार आठवड्यांत जाऊ द्या. त्या चार आठवड्यांत गवत जगतं, भिंत वाचते, म्हातारी माणसं आपल्या घरात राहतात. ज्याने नदीकाठी पन्नास हिवाळे काढलेत, त्याला हा फरक बोटावर मोजता येतो. हे त्याला विचारायला हवं होतं.

२०१४ च्या वसंतात यंत्रं नदीकाठी आली, आणि ऑक्टोबरअखेर पॅरेट आणि टोनच्या ८ किलोमीटर पात्रातला गाळ निघाला. मचल्नीचा रस्ता भराव घालून उंच केला, थॉर्नीच्या घरांभोवती बांध घातला. २०१५ च्या जानेवारीत सॉमरसेट रिव्हर्स ऑथॉरिटी स्थापन झाली, आणि गाळ, चर, बांध यांच्या देखभालीसाठी घरपट्टीवर थोडी जादा रक्कम बसवली गेली. ती अख्ख्या काउंटीने भरायची, टेकडीवर राहणाऱ्यानेसुद्धा, कारण टेकडीवरचं पाणीच खाली येतं.

२०२३ च्या जानेवारीत नॉर्थ मूरच्या बाजूला पाणी पुन्हा चढलं आणि पुन्हा आपत्ती जाहीर झाली. या वेळी जादा पंप वेळेवर आले. ब्रिजवॉटरला भरती अडवणारा मोठा दरवाजा उभारण्याचं कामही हाती घेतलं आहे. समुद्राची पातळी वाढते आहे, हिवाळ्यातला पाऊस वाढतो आहे. दरवाजा किती वर्षं पुरेल यावर इथे भरपूर बोललं जातं.

(दृश्य : बरो मम्पच्या पायथ्याशी पॅरेट. संध्याकाळ. पाणी वरच्या दिशेला सरकतं आहे.)

जानेवारीतली संध्याकाळ आहे. चार दिवस पाऊस लागून राहिला आहे. रीन भरल्या आहेत, कुरणात पाणी चमकू लागलं आहे. नदीत एक फांदी तरंगते आहे, आणि ती समुद्राकडून डोंगराकडे चालली आहे. अजून भरती आहे.

खिडक्यांमध्ये दिवे लागले आहेत. पंपघरातही लागला आहे.

फांदी मंदावते. एका जागी थांबते. स्वतःभोवती एक गिरकी घेते.

मग हळूहळू समुद्राच्या दिशेला वळते.

(आवाज : दूरवर पंप सुरू होतो.)