पिशवी टेबलावरच राहिली

(दारातल्या चपला. आतून गाण्याचा आवाज.)

नवापूर तालुक्यातल्या एका पाड्यावरचं हे पत्र्याचं चर्च. आज प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा रविवार, म्हणून गर्दी जास्त. पुढच्या टेबलावर अर्पण आहे. नोटांच्या ताटलीशेजारी ही तांदळाची कापडी पिशवी, तोंड सुतळीनं बांधलेलं.

ती ठेवणारे काका आता रांगेत नाहीत. उपासना चालू असतानाच ते उठले, चपला घातल्या आणि वावराच्या वाटेला लागले.

(बांधावरून चालणारी पावलं.)

हा बांध नीट बघा. या टोकाला दोन हात रुंद, पुढं जेमतेम वीतभर. पलीकडचं वावर धाकट्या भावाचं. नांगरताना दरवर्षी काकांच्या नांगराची एक रेघ त्याच्या बाजूला आत. आपल्याकडं याला बांध कोरणं म्हणतात. एका हंगामात ते कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, कोरणाऱ्याच्याही नाही. दिसायला लागतं तोवर भावाभावातलं बोलणं बंद झालेलं असतं.

बायबलमधल्या मत्तयाच्या पुस्तकात, पाचव्या अध्यायात येशू सांगतो: वेदीपाशी अर्पण आणलंस, आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव. आधी जा, त्याच्याशी समेट कर, मग येऊन वाहा.

तुझ्या मनात राग असेल तर, असं तो इथं म्हणत नाही. भावाच्या मनात असेल तर, असं म्हणतो. दुखावलेला तो आहे, तरी उठून जायचं मी.

ऐकणारे होते गालीलातले. वेदी यरुशलेमेत, १०० किलोमीटरहून लांब. नवापूरहून पायी धुळं गाठावं, तिथं पोहोचल्यावर भाऊ आठवावा, आणि आणलेलं जनावर तसंच सोडून पुन्हा नवापूरची वाट धरावी, एवढं ते चालणं.

(चर्चमध्ये मिटलेले डोळे, पुटपुटणारे ओठ.)

येशूनं शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत मराठी ख्रिस्ती मंडळी ‘ऋण’ म्हणते. आम्ही आपल्या ऋण्यांना सोडलं, तसं तू आमचं ऋण सोड. मत्तयाच्या ग्रीक शब्दाचा अर्थही देणं असाच आहे. पेरणीला उसनवारी केलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. देणं नुसते डोळे मिटून फिटत नाही, हे त्याला ठाऊक असतं. बायबलमधल्याच गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातला नियम तर सरळ हिशेबाचा आहे: पाप कबूल करायचं, पुरती भरपाई द्यायची, वर पाचवा हिस्सा, आणि तेही ज्याचं नुकसान केलं त्याच्याच हाती.

येशूचा प्रेषित पौल रोमन सुभेदार फेलिक्सपुढं आरोपी म्हणून उभा राहिला तेव्हा त्यानं सांगितलं की आपलं मन देवापुढं आणि माणसांपुढंही निर्दोष राहावं म्हणून तो झटतो. देवापुढं आणि माणसांपुढंही. आपण पहिलं धरतो, दुसरं सोडून देतो. देवापाशी रडून मोकळे होतो आणि बांध ओलांडत नाही. माझ्या मते आपल्या कितीतरी प्रार्थना तिथंच अडून बसल्या आहेत.

(धाकट्या भावाचं अंगण. काका उंबऱ्याबाहेर उभे.)

दार उघडलं. आत आम्ही कॅमेरा नेला नाही.

(निवेदन थांबतं. अंगणात वाळत घातलेली तूर, शेळीची घंटा.)

पुढं मोजणी झाली, खुणेचे दगड मूळ जागी गेले. दोन्ही घरं एकमेकांशी बोलतात. धाकट्याच्या घरचे अजून चर्चला येत नाहीत.

(चर्च, त्याच दिवशीची दुपार.)

दारातल्या चपला गेल्या आहेत. एकच जोड उरलाय, पाळकसाहेबांचा. ते बाकावर बसून आहेत. पिशवी जिथं ठेवली होती तिथंच आहे, सुतळी न सोडलेली. बांधावरून काका परत येताना दिसतात.