तुरळक ठिकाणी

[दृश्य: अंगण, चटईवर लालकाळी सोलं, मागे माडाची सावली]

मे महिन्याची दुपार. गोव्यातला सत्तरी तालुका, वाळपईच्या पलीकडची एक वाडी. अंगणात भिरंडाची, म्हणजे कोकमाची, सोलं वाळत पडलीत. फळ फोडायचं, गर काढायचा, साल मीठ घातलेल्या रसात बुडवायची आणि उन्हात टाकायची. संध्याकाळी गोळा करून पुन्हा रसात. असं बरेच दिवस चालतं. मध्येच पाऊस लागला तर सोलांना बुरशी धरते, आणि वर्षभराच्या कढीची पंचाईत होते.

म्हणून आजी विचारते, "आज येतो की काय रे?"

नातू मोबाइल बघतो. "कोकण-गोव्यात तुरळक ठिकाणी, आजी."

"म्हणजे आमच्याकडे?"

नातू गप्प. त्याची काही चूक नाही.

[दृश्य: भारताचा नकाशा, त्यावरचे उपविभाग]

भारतीय हवामान विभागाने देशाचे 36 उपविभाग केलेत. अंदाजाच्या एकाच पत्रकात हिमाचलवरचा पश्चिमी झंझावात असतो, राजस्थानातली उष्णतेची लाट असते, बंगालातली कालबैसाखी, म्हणजे उन्हाळ्यातला वादळी पाऊस, असते. आमच्या वाट्याला येते अर्धी ओळ. तीही पालघरपासून काणकोणपर्यंतच्या अख्ख्या किनाऱ्याबरोबर वाटून घ्यायची.

पण ती अर्धी ओळ मोघम मात्र नाही. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे उपविभागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त 25 टक्के केंद्रांवर. 'काही ठिकाणी' म्हणजे 50 टक्क्यांपर्यंत. हा शब्द पाऊस किती पडेल ते सांगत नाही, किती ठिकाणी पडेल ते सांगतो. आपण वाचतो 'तुरळक' आणि समजतो 'चार थेंब'. गफलत होते ती इथे. 'तुरळक ठिकाणी जोरदार' असाही अंदाज असतो, आणि जोरदार म्हणजे 24 तासांत 64.5 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. 204.5 गाठला की 'अत्यंत जोरदार'.

हे 24 तासही आपल्या घड्याळाचे नव्हेत. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला उजाडतो. उद्या पहाटे पाचला पडलेली सर आजच्याच हिशेबात धरतात.

[दृश्य: पहाट, पणजीचं आल्तिनो, वर जाणारा पांढरा फुगा]

या हिशेबाची सुरुवात पहाटे होते. आल्तिनोच्या टेकडीवर हवामान खात्याचं केंद्र आहे. तिथून फुगा सुटतो. खाली दोरीला लोंबकळणारी छोटीशी पेटी: तापमान, दमटपणा आणि हवेचा दाब पाठवत वर जाते. फुगा कुठे सरकतो त्यावरून वारा कळतो. जगभरचे असे फुगे एकाच वेळेला धरून सुटतात, आपल्याकडची ती वेळ साडेपाच. सकाळची आणि संध्याकाळचीही. वर विरळ हवेत फुगा फुगत फुगत शेवटी फुटतो. ही मोजमापं, उपग्रहाची चित्रं, समुद्रावरच्या नोंदी असं सगळं संगणकात जातं आणि पुढच्या दोन-तीन दिवसांचा अंदाज बाहेर पडतो.

मग वाडीचं नाव का येत नाही?

कारण मे महिन्यातला ढग लहरी. दुपारी समुद्रावरचा दमट वारा आत येतो, सह्याद्रीला आपटून वर चढतो. चोर्ला घाटाच्या बाजूला ढगांचे मनोरे उभे राहतात. एकेक ढग जेमतेम काही किलोमीटरांचा, तासाभराचा सोबती. हवामान विभागाने 2025 मध्ये आणलेलं नवं मॉडेल देशाकडे सहा किलोमीटरांच्या चौकोनांतून बघतं. अंगण त्या चौकोनात कुठंतरी हरवतं. ढग उभा राहिला की पणजीच्या रडारला तो दिसतो. तेव्हा पुढच्या तीन तासांचा इशारा देता येतो. पण सोलं त्याआधीच, सकाळीच, पसरायची असतात.

[दृश्य: आभाळ काळवंडलेलं]

चार वाजलेत. डोंगराकडून गार वारा सुटलाय. नातू अजून मोबाइलवर बोट फिरवतोय.

आजीने चटईचं एक टोक उचललंय. "सोड ते. दुसरं टोक धर."

[दृश्य: अंगणात पहिला टपोरा थेंब. पडवीत रसाचं भांडं]